हजारावा भाग

उद्यमनगरात पहिल्या दिवशी मी पांढरे बूट घालून गेले.
आकाराम मिस्त्रींनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"मालकांची ल्येक न्हवं? आत बसा, फ्यान हाय."
मी म्हटलं, लेथ चालवायला शिकायचंय.
ते हसले नाहीत.
फिरत्या चकावरून नजर उचलून
माझ्या ओढणीवर ठेवली:
"ही आदी घरी ठिवून या.
मशिनीला मालक कळत न्हाई."

तीन आठवडे नुसतं टूल घासलं.
मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग,
ताराबाई पार्कातल्या हळदीकुंकवाला
आईनं ते बांगड्यांखाली सरकवले.

"सुतात मोजतोय त्यो सुतार.
आपुन थाउमदी."
थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.
म्हणजे केवढा, विचारलं
तर टोपी सरकवून त्यांनी डोक्यातला एक केस तोडला,
मायक्रोमीटरमध्ये धरला.
"ह्यो तीन. आता तुमचा द्या."
माझाही तीनच भरला.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चहा यायचा: मला कपबशी, त्यांना ग्लास.
एक दिवस मीही ग्लास मागितला.
मला वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना.
"का? कप फुटला काय तुमचा?"
म्हणाले, आणि पाठ करून प्याले.

इंग्रजी अक्षरं त्यांना सुटी सुटी येत होती,
ड्रॉइंगवरची. आर म्हणजे त्रिज्या, डी म्हणजे व्यास.
जोडायची कशी, ते मी दाखवलं
दुपारच्या सुट्टीत, शटरच्या पत्र्यावर, खडूनं.
पहिला शब्द लागला तो ऑइल.
दुसरा, फ्यूजबोर्डावरचा: डेंजर.
मान वर करून बराच वेळ पाहत राहिले.
"वीस वर्सं हिच्याखाली डबा खातोय की मी."

मग ते वाचतच सुटले.
पाट्या, खोकी, गिरणीचं कॅलेंडर,
आणि दिवाळीनंतर एका सोमवारी
फंडाच्या ऑफिसातून आणलेला कागद.
पगारातून कापलेले, एका रांगेत, दर महिन्याला.
भरलेले, दुसऱ्या रांगेत: अकरा वर्षं कोरी.
बाबांकडे नाही गेले. माझ्याकडे आले,
जॉब तपासायला द्यावा तसा कागद पुढे केला:
"बगा. माझ्या वाचण्यात काय चुकतंय का."

मी तीनदा वाचलं.
चुकावं असं फार वाटत होतं.
"चूक नाही," म्हटलं.
आवाज माझा नव्हता, किंवा पहिल्यांदाच माझा होता,
अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा मला म्हणाले,
"शिकायला गेली होतीस की शिकवायला?"
मिस्त्री त्या संध्याकाळी केबिनमध्ये आले
आणि कुणी बस म्हणायच्या आत
खुर्चीत बसले.
तेलाचा डाग अजून आहे तिच्यावर.
मी कापड बदललं नाही;
बाबांनीही बदललं नाही, ते का, कधी विचारलं नाही.

पैसे चार हप्त्यांत निघाले.
शेवटचा मिळाला त्याच महिन्यात
त्यांनी शिरोलीला स्वतःचे दोन लेथ टाकले
आणि आमची तीन गिऱ्हाईकं नेली.
जाताना मला काही म्हणाले नाहीत.
आपलं घासलेलं टूल तेवढं माझ्या मशिनीवर ठेवून गेले,
फडक्यात गुंडाळून.

आता कारखाना मी बघते.
एक तारखेला फंड भरल्याशिवाय
मला जेवण जात नाही; ही सवय
चांगुलपणाची नाही, धाकाची आहे.
त्यांच्याकडचं जास्तीचं काम
सीझनला आमच्याकडे येतं, आम्ही करून देतो.

काल टेम्पोतून एक शाफ्ट परत आला.
मी स्वतः उभं राहून काढलेला.
त्यावर खडूनं, इंग्रजीत, थरथरत्या हातानं:
नॉट ओके. दोन थाउ जास्त.

ओकेमधला के उलटा होता.
मी रागानं मायक्रोमीटर लावला.
दोनच.
ओढणी खुंटीला अडकवली
आणि शाफ्ट पुन्हा चकात धरला.