तिसरी गाठ

बाबांनी आधी लिफ्टचं दार मोजलं.
टेपने नाही, सुतळीने.
एक गाठ दाराच्या रुंदीची,
दुसरी आतल्या जागेची,
तिसरी कशाची ते सांगितलं नाही.
सुतळी खिशात घालून
दोन बस बदलत आम्ही ग्लदानीहून
लीलोच्या बाजारात उतरलो.
मला सातवा महिना,
त्यांना एकाहत्तरावं वर्ष,
आणि तिबिलिसीचा ऑगस्ट नुसता भाजत होता.

दुकानातली लिझी बोलायला गोड.
तिने पांढरी बाबागाडी पुढे केली.
चामड्याची मूठ, कॉफीचा पेला ठेवायला कडं,
चाकं अशी की चालली तरी कळू नये.
माझा हात मुठीवर गेला तो निघेना.
मनातल्या मनात नदीकाठच्या सपाट रस्त्यावरून
मी दोन फेऱ्या मारूनही आले.

बाबांनी सुतळी लावली. दोन बोटं जास्त.
"दोन बोटांचं काय एवढं, काका?"
"पोरी, एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात.
दार एका बोटाचंही ऐकत नाही."

मग ते एकेक गाडी मिटायला लागले,
एका हाताने.
दुसऱ्या हातात त्यांनी धरलं होतं
जे अजून नव्हतं ते,
छातीशी, कोपर जरा उचलून,
मानेखाली पंजा.
गिऱ्हाइकं थांबून बघत होती.
मला कुठे लपू असं झालं.

मिटेना ती बाद.
मिटताना बोट चावली ती बाद.
मिटलेली खांद्यावर घेऊन ते मागच्या जिन्याने
वर जाऊन खाली आले, दर वेळी धापा जास्त.
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
नऊ मजले मी याच खांद्यावरून चढले,
असं आई सांगायची.
ते स्वतः कधीच नाही.

उरल्या तीन.
तेव्हा रस्ता ओलांडून, टिचक्या मारमारून,
एल्गुजाच्या ढिगातून त्यांनी एक कलिंगड आणलं.
"आठ किलो. सहा महिन्यांचं लेकरू समज."
पट्टे आवळले. कलिंगडाला खांदे नसतात,
म्हणून माझी ओढणी मागितली.

पहिलीचा ब्रेक उतारावर सरकला.
दुसरी फुटपाथच्या कडेवर कलंडली
आणि कलिंगड सुटलं.

लाल. केवढं तरी लाल.
माझा हात कधी पोटावर गेला, कळलं नाही.
बाबा गुडघ्यांवर बसून
फोडी गोळा करत राहिले,
एकही बी मागे राहू नये तसे.
एल्गुजाने न विचारता दुसरं आणून दिलं,
जरा लहान, पैसे घेतले नाहीत.

तिसरी राखाडी.
ओल्या सिमेंटचा रंग असतो ना, तशी.
तिच्यात कडं नाही, चामडं नाही,
मोठी मागची चाकं, खाली बटाटे मावतील अशी जाळी.
खड्ड्यातून गेली, कडेवर चढली,
उतारावर पाय रोवून उभी राहिली.
कलिंगड हललंही नाही.
लिझी म्हणाली, हा रंग कुणीच घेत नाही.
"मळ दिसत नाही," बाबा म्हणाले,
आणि खिशातून पुन्हा सुतळी काढली.

जमिनीपासून मुठीपर्यंत.
तिसरी गाठ मुठीला अचूक टेकली.
मी उभी राहून पाहिलं. माझ्या कोपराच्या बरीच वर.
त्यांच्या बरोब्बर.
मी काही बोलले नाही.
सोमवारपासून शनिवारपर्यंत मी कामावर असणार,
हे त्यांनी मोजूनच ठेवलं होतं.

परत येताना बसमध्ये बायका वाकून बघायच्या,
आत कलिंगड, ओढणी पांघरलेलं.
एक म्हणाली, आजोबांवर गेलंय.

लिफ्टच्या डबीत बाबांनी वीस तेत्रीचं नाणं टाकलं.
गाडी आत गेली, आम्ही आत गेलो,
दार मिटलं, कुठे घासलं नाही.
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये
लिफ्ट एक आचका देऊन थांबली.
अंधार.
बाबांच्या खिशात पान्हा खळखळला.
"बघ," ते म्हणाले,
आणि आवाज, देवाशपथ, खूश होता.