पेन्सिलीचा गोल

हेडाऊंना अ‍ॅप पाहिजे होतं.
कशासाठी, विचारलं
तर म्हणाले, "सगळ्यासाठी. तुमाले समजते ना बाई त्यातलं."

पाचपावलीच्या पुलाखाली दुकान:
भाड्याचे कूलर, दोनशे दहा,
गंजक्या पत्र्यांची रांग,
गवताच्या गठ्ठ्यावर झोपलेलं मांजर.
एप्रिल लागला होता.

मी परसोडीहून आले होते, आयटी पार्कातून,
बॅगेत बत्तीस स्क्रीन आयते घेऊन:
बुकिंग, बिल, नकाशा, पाच तारे,
वाढदिवसाला आपोआप जाणाऱ्या शुभेच्छा.
गेल्या वर्षी एका मंगल कार्यालयाला असंच करून दिलं.
देखणं होतं. तिघांनी उघडलं.
त्यातली एक मी.

म्हणून यावेळी लॅपटॉप काढलाच नाही.
म्हटलं, दोन दिवस नुसती बसते इथे.
"बसा ना. बसाले का पैसे लागते?"

फोन वाजत राहिला.
मोटर जळली. टुल्लू पाणी चढवत नाही.
टबाला भोक.
शेजाऱ्याच्या कूलरनं आमची भिंत ओली होते, त्याले सांगा.
हेडाऊ लिहीत जायचे लांबड्या लाल वहीत
आणि काही नावांपुढे, न थांबता,
पेन्सिलीचा एक छोटा गोल.

शकीलभाई वही बघायचा,
स्कूटरला पान्यांची पिशवी अडकवायचा, निघायचा.
पहिला फोन मेयोजवळच्या लॉजचा,
आठ कूलर, रोख पैसे.
तो गेला टिमकीला.
एका कूलरसाठी.

दुसऱ्या दुपारी विचारलं,
हा गोल कशाचा?
हेडाऊंनी चष्मा कपाळावर चढवला,
पाणी कशाला पितात असं विचारल्यासारखं
माझ्याकडे पाहिलं.
"इथं म्हातारी एकटीच रायते.
इथं बाळंतीण.
हा निमजे, याचं डायलिसिस चालू हाय.
मे मधी सत्तेचाळीस होते, बाई.
लॉजवाला बोंबलन. बोंबलू द्या.
तो काही मरत नाही."

माझ्या बत्तीस स्क्रीनमध्ये
हा गोल नव्हता.
त्यांनी मागितला नव्हता,
मागायची गोष्ट आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.
विचारायची आहे, हे मला.

रात्री कोऱ्या पानावर एकच ओळ लिहिली:
गोल असलेल्या घरचा कूलर बाराच्या आत चालू.
तारे गेले. वाढदिवस गेले.
नकाशाही गेला, टिमकीच्या गल्ल्या त्याला कुठे कळतात.
साहेब म्हणाले, एवढंच?
एवढ्याचं बिल किती लावायचं?

सकाळी ओळ हेडाऊंना वाचून दाखवली.
"बरोबर हाय," म्हणाले. मग थोड्या वेळानं,
"पण हे तर वहीतच होते.
मंग अ‍ॅप कायले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
खोटं एक होतं, रोज विकते ते,
जिभेपर्यंत आलंही.
नुसतं विचारलं, तुम्ही दुकानात नसता तेव्हा?

ते वही मागे उलटत गेले.
गेल्या साली मे महिन्यात चार दिवस
ते मेयोत भरती होते.
चार पानं पोराच्या अक्षरात,
नावं, पत्ते, नंबर, सगळं स्वच्छ, ओळीत.
गोल एकही नाही.
तिसऱ्या पानावर एक नाव
नंतर कुणीतरी निळ्या शाईनं खोडलेलं.
त्यावर बोट ठेवून हेडाऊ थांबले,
बोलले काहीच नाहीत.
मांजर उठून सावलीत गेलं.

मी माझी ओळ खोडली.
खाली लिहिलं: हेडाऊ नसतानाही.
मग तेही खोडलं नाही, नुसतं बघत बसले,
कारण गोलाचं बटण केलं
तर उद्या लॉजवालाही म्हातारी सांगेल.

फोन वाजला.
हेडाऊंनी पेन्सिलीचं थोटूक माझ्याकडे सरकवलं.
"मी बोलतो. तुमी लिवा."
नाव लिहिलं. बांगलादेश वस्ती, मोटर बंद.
विचारलं, गोल?
त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.
"थांबा ना. आवाज तं आयकू द्या."