तीनशे मिलिसेकंद

सावद्याला, केळी पिकवायच्या खोलीमागे
माझं टेबल.
पडद्यावरचा एक कप्पा उघडायला
तीनशे मिलिसेकंद लागावेत, एवढंच काम.

मी चौकटी मोजत होते:
एक चौकट, एक पाऊल.
इच्छारामकाकांच्या जुन्या मोबाइलवर
कप्पा अर्ध्यातच दम खात बसला.

काकांनी दाराकडे बोट केलं.
खडूनं लिहिलेलं: सोम, सायं. ६.२०
"दार कितीदा उघडलं, हे केयाले काय मालूम?
लावलं कधी, ते ध्यानात धर."

आत्ता वजा सुरुवात.
बस्स.

मधे दुसऱ्या खिडकीत गेले,
परतले तर कप्पा सताड उघडा,
हालचाल कुणी पाहिलीच नाही.

शुक्रवारी काकांनी ओल्या फडक्यानं
दारावरचा सोमवार पुसला
आणि खडू शोधत राहिले.

तो माझ्या टेबलावर.