खालीच थांब

अर्जुनीकडच्या शाळेत अकरा संगणक,
तीन बँकेनं टाकून दिलेले, बाकी कुठूनकुठून.
एकाच डिस्कवरून मी सगळे भरले
अन् सातव्याचा पडदा निळाशार.

"ड्रायव्हर चुकला," मी म्हटलं.
रुषी शिपाई खराटा टेकवून हसला,
"गोंदियाच्या गाडीवर साकोलीवाला चढवला का जी?"

मग चार ओळी लिहिल्या:
आत शिरण्याआधी यंत्राला नंबर विचार.
जुळला तर बस.
नाही तर खालीच थांब,
मुकाट.

सातव्याचा पंखा घरघरला.
चित्र आलं. आवाज नाही अजून.

रुषी बघतच होता.
"मले त चार शाळांत धाडलं," म्हणाला,
"कोणी इचारलंच नाही."
मग उरलेली खोली झाडायला घेतली त्यानं,
सातव्यापासून.