करपट

चढ संपतो तिथे, सिग्नलला
गाडी उभी राहिली की येतो म्हणे वास.
चालती असताना नाही.
मला काय कळणार?
तीन वर्षं झाली, त्या तापानंतर
नाक नुसतं चष्मा टेकवायला उरलंय.

आई, काहीतरी जळतंय, शाल्मली म्हणते.
हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर
सात घरची म्हातारी माणसं खोळंबलेली,
कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या पायाची पट्टी,
आणि मी बॉनेट उघडून उभी.
धूर नाही. ठिणगी नाही.
तापमानाचा काटा शहाण्यासारखा मधोमध.

काय जळतंय?
बर्निंग, ती म्हणते. बर्निंगसारखं बर्निंग.
एवढ्या एका शब्दावर गाडी दुरुस्त होत नाही.
मग रस्त्याकडेला, पिवळे दिवे टकटकत असताना
मी तिला आपल्या भाषेत विचारत गेले.

खरपूस?
नाही. खरपूस मला आवडतं.
दूध उतू जाऊन शेगडीवर धरतं, तसं?
नाही.
गोडसर? पाक काळा पडतो, तसं?
गोड असतं तर कूलंट, आणि या महिन्याचा पगार.
गोड नाही.
रबराचं? कुकरची रिंग चिकटली होती, आठव.
म्हणजे पट्टा.
नाही गं.
प्लास्टिकचं? डोळ्यांत जाणारं?
तसं असेल तर आत्ताच्या आत्ता उतर.

तिनं डोळे मिटले, इंजिनावर वाकली,
माझ्यासाठी सुद्धा ओढून घेतला श्वास.
चकल्या, म्हणाली.
चकल्या?
आजोबांना ॲडमिट केलं तेव्हा तू फोनवर होतीस ना,
कढई तशीच गॅसवर.
चकल्या नाही. नुसतं तेल.

बॅराक्लफचं गॅरेज सॉवरबी ब्रिजला, कालव्याकडेला.
पत्र्याची शेड, आत किटली कायम चालू.
मी इंग्रजीत सांगितलं ते असं:
तळणीचं तेल, विसरलेलं.
म्हातारा हसला नाही.
डिपस्टिक काढली, पुसली, बुडवली, काढली.
तेल खालच्या खुणेच्याही खाली.
टॉर्च मागून धरली तर
झाकणाच्या काठाला काळी ओली रेघ,
तिथून थेंब थेट तापल्या एक्झॉस्टवर.
धावताना वारा नेतो, म्हणाला.
उभी राहिलीस की तोच वास जाळीतून आत.

गॅस्केट उपसलं तर बिस्किटासारखं मोडलं.
मी पर्स उघडली.
थांब, हे का फुटलं ते बघू दे.
बोटाएवढी ब्रीदरची नळी, आत काळा लगदा.
इंजिनाला श्वास सोडायला वाट नव्हती,
मग तेल निघालं फट मिळेल तिथून.
नुसतं रबर बदललं असतं
तर नाताळाआधी इथंच असतीस.

नळी धुतली. काठ खरवडून कोरडा केला.
बोल्ट आवळले मधून बाहेर, तिरपे, थोडे थोडे,
चारी कोपरे धरून चादर घालतात तसे.
एकशे चाळीस पौंड, आणि एक ताकीद:
दोन-तीन दिवस येईल वास.
सांडलेलं आहे ते जळून जाऊ दे.

सोमवारी सिग्नलला विचारलं, येतोय?
येतोय.
मंगळवारी, थोडा.
बुधवारी तिनं खिडकी खाली केली, वर केली,
नाक जाळीला लावलं.
कसला?
कसलाच नाही.

म्हणजे माझ्याइतकाच, मी म्हटलं,
आणि दोघी उगाचच हसत सुटलो,
दिवा हिरवा होऊन मागचा हॉर्न वाजवेपर्यंत.

आता दर रविवारी डिपस्टिक तीच बघते.
जुन्या अभ्र्याची चिंधी ठेवलीय डिकीत.
काठी नाकाशी नेते, मान हलवते,
मग मला सांगते, तेल कसं आहे ते,
इंग्रजीत नाही.