दोन वर्षांचा नियम

मे महिन्यात कूलरचं पाणी दोनदा भरावं लागतं,
आणि टीव्हीवर कुणी 'वारसा कर' म्हणालं
की अमळनेरच्या माझ्या ऑफिसात खुर्च्या कमी पडतात.
परवा निंबाशेठ शिरोडे आले. पिशवीत सातबारे,
एलआयसीच्या पावत्या, सुनेच्या नावावरचं ट्रॅक्टरचं बुक.
म्हणाले, मेल्यावर सरकार किती कापतं?
मी सांगितलं, काही नाही.
पंच्याऐंशीच्या मार्चात तो कर गेला.
मृत्युपत्राला स्टॅम्पही नको, साधा कागद चालतो,
दोन साक्षीदार घ्या, तुमच्याहून तरुण बघून घ्या,
आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला सही करू देऊ नका.
निंबाशेठांना पटलं नाही.
फुकटचं काही त्यांना पटत नाही.

त्यांना सांगितलं नाही ते हे:

शहात्तरच्या आखाजीला आजोबांनी
जिनातला निम्मा हिस्सा तिन्ही मुलांना लिहून दिला.
दानकर भरला, पावती जपली.
धुळ्याचे वकील म्हणाले, छान केलंत शेठ,
आता फक्त दोन वर्षं जगायचं.
त्याच्या आत गेलात
तर कायदा धरून चालणार, तुम्ही काही दिलंच नव्हतं.

चौदाव्या महिन्यात त्यांची डावी बाजू गेली.
काकांनी पलंगासमोर सरकी तेलाच्या गिरणीचं कॅलेंडर टांगलं.
डॉक्टर दर सोमवारी. औषध मुंबईहून.
मोसंबीचा रस, गाळून, दिवसातून तीनदा.
आजोबा जाग आली की विचारत,
"कितला दिन ऱ्हायनात?"
वडील आकडा सांगत. दोनशे ऐंशी.
एकशे चौदा.
एकतीस.
आजोबा मान हलवत आणि लापशी गिळत,
मुदतीच्या आत हप्ता भरावा तशी.

आणि जगले.
अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात वकिलांकडे पेढे गेले.
कॅलेंडर उतरलं, खिळा राहिला.
डॉक्टर महिन्याने येऊ लागले, मोसंबी पाहुण्यांपुरती.
वाईट कुणी वागलं नाही, हे मला लिहिलं पाहिजे.
फक्त सकाळी ते विचारत, कितला दिन ऱ्हायनात,
आणि तिन्ही मुलांकडे आता आकडा नव्हता.

आईकडे होता.
जिनात तिचा पैशाचा हिस्सा नाही,
कायदा तिला कुणी समजावला नव्हता.
ती भाकरी थापता थापता आतून ओरडायची, "नव्वद, मामंजी!"
दुसऱ्या दिवशी एकशे वीस. मग साठ. मग परत दोनशे.
चार वर्षं त्यांना ते पुरलं.

आता आई चौऱ्याऐंशीची.
तिच्या नावे दोन पाटल्या, पोस्टाचं पासबुक
आणि मांड्यांचं खापर, कडेला तडा गेलेलं.
मागच्या महिन्यात मृत्युपत्र करून घेतलं.
खापर धाकट्या सुनेला, तड्यासकट, असं लिहायला लावलं.
मग विचारलं, कर किती?
कर नाही, आई.
आणि ते दोन वर्षांचं?
तेही नाही.
जरा हिरमुसलीच.

तेव्हापासून रोज विचारते, कितला दिन ऱ्हायनात.
आज घाईत होतो, म्हणालो, चारशे बारा.
तिने चष्म्यावरून बघितलं.
"काल ते तू चारशे नऊ सांगेल व्हतं," म्हणाली,
आणि पुन्हा केळं सोलायला घेतलं.