डबल बेल

पाण्याच्या टाकीला त्र्याण्णव पायऱ्या.
गुडघ्यानं प्रत्येकीचं तिकीट फाडलं.
वर पोचलो तेव्हा खाली आठ गाड्या,
सगळ्या जुन्या एस्टीम,
सगळ्या कधीतरी कुणाच्या लग्नात झेंडू बांधून मिरवलेल्या.
आता दारं वेल्डिंग करून बंद, काचा काढलेल्या,
आत पाइपांचा पिंजरा,
आणि टपावर चुन्यानं काढलेला आकडा.

जालन्याच्या एमआयडीसीचा हा नवा टप्पा:
रस्ते आले, कारखाने यायचेत.
मोकळ्या प्लॉटांना वळसे घालत अकरा वळणं.
पाचवं वळण म्हसोबामुळं,
बुलडोझरवाल्यानं त्याच्यापुढं नारळ फोडला
आणि रस्ताच वाकवला.

आठांतून चार पुढं जाणार.
मागच्या दोन शर्यतींचे गुण मांडून
कमिटीनं फळ्यावर रेघ ओढलेली.
शबनूर रेघेखाली, एका गुणानं.
वर अंबडचा निकाळजे, निळी गाडी.
"म्हणजे जिंकायचंय," मी म्हणालो.
हेल्मेटातून आवाज आला,
"जिंकायचं नाही काका. फक्त त्याच्यापुढं राहायचंय."

तिच्या बापामागं बावीस वर्षं मी दोरी ओढली.
परतूर, आष्टी, माजलगाव.
एक बेल, थांब. दोन बेल, चल.
हाशमनं कधी मान वळवून बघितलं नाही
की खरंच सगळे उतरले का, म्हातारीचं बोचकं राहिलं का.
बेल वाजली की गिअर.
आता माझ्या हातात वॉकीटॉकी,
आणि त्याच घरातली दुसरी मान
सरळ पुढं बघणारी.

"डावीकडून घुसायलाय... घुसायलाय... दाबू नको, जाऊ दे.
गेला. मोकळं."
"मागं दोन गाड्या अंतर."
"म्हसोबापाशी तेल सांडलंय, आतून घे."
ब्रेकांचा वास टाकीपर्यंत येत होता,
घाटातून उतरलेल्या गाडीला येतो तसा.
सतराव्या फेरीत तिनं निकाळजेला मागं टाकलं,
मी वर एकटाच नाचलो,
लोखंडी जिन्यावरचे पारवे उडाले.

फक्त सातवं वळण दिसत नव्हतं.
तिथं जिनिंगवाल्याच्या गठाणींची थप्पी, दुमजली.
गाडी आत जायची, मी आकडे मोजायचो,
सातला बाहेर.
दर फेरीला सात.

शेवटची फेरी.
तिच्या पुढची पांढरी गाडी थप्पीआड गेली.
पाच. सहा. सात.
आठ.
धूळ उठली. धूळ तर तिथं रोजच उठते.
नऊ.
"काका, बोला."
अंगठा बटणावर. दहा.
"काका!"

एक बेल,
मी म्हणालो.

तिनं पाय उचलला. नुसता उचलला,
विचारलं नाही, कामून म्हणून.
तेवढ्या फटीतून निळी गाडी निघून गेली.
आणि अकराव्या आकड्याला
पांढरी बाहेर आली, धडधाकट,
जरा मातीत घसरली होती,
बस.

उतरायला मला अर्धा तास लागला.
मुद्दाम लावला.
ती बॉनेटवर बसून फुटाणे खात होती,
हाशम टायरवर हात फिरवत,
बैलाच्या खांद्यावरून फिरवावा तसा.
"काय दिसलं व्हतं?" तिनं विचारलं.
"काईच न्हाई दिसलं."
तिनं फुटाण्याची पुडी पुढं केली.
राग आला होता तिला. दिसत होता. यायलाच पाहिजे.

रात्री टेम्पोत मी मागं, गाडीला टेकून.
रेल्वे फाटक. मालगाडी गेली, छप्पन्न डबे, मोजले.
फाटक उघडलं.
मागच्या ट्रकनं हॉर्न मारला, पुन्हा मारला.
टेम्पो जागचा हलेना.
इंजिन चालू, पुढं बाप-लेक दोघं,
दोघांच्याही माना सरळ.

मग ट्यूब पेटली.
मी हात लांबवला
आणि टपावर दोनदा ठोकलं.